चिठ्ठीवाले चाचा

स्वतःची चूक लपवणं चाचांना आयुष्यात कधी जमलं नाही. चाकणच्या आमच्या कारखान्यात विमानांच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात. त्या तपासायला राजगुरुनगरहून कंपनीच्या बसने चाचा यायचे. एकेक नग मायक्रोमीटरने मोजायचा, सही करायची, पुढे सरकवायचा. "आपन कुठं इमानात बसनार? पर कुनाची तरी लेकरं बसनार हायती की," म्हणायचे.

मी तिथला सेफ्टी ऑफिसर. या धंद्यात नियम असा, की चूक झाली तर माणसाने आपणहून सांगावी. सांगणाऱ्याला शिक्षा नाही. त्यासाठी कँटीनबाहेर मी एक पेटी लावली आणि शिफ्ट सुरू होताना रोज घसा कोरडा केला. "बिनधास्त नाव घालून लिहा, काही होणार नाही." पोरं नुसती हसायची. चिठ्ठ्या टाकायचे ते एकटे चाचा. तेल सांडलं, दिवा मिणमिणतोय, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून आज काम सावकाश होईल, सगळं लिहायचे. "चाचा, घरची भांडणं पन टाका की," कोणीतरी चिडवलं. "त्यात माझी चूक नसती राव," म्हणून चाचा पुन्हा मोजायला लागले.

एका दुपारी त्यांची वेगळीच चिठ्ठी आली. सकाळी मायक्रोमीटर हातातून पडला होता. तो बदलून घ्यायचं राहिलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाचांनी त्यावरच माल तपासला. तोवर माल रवाना झालेला. परत मागवून मोजला, तर प्रत्येक नग मापात निघाला. पण गिऱ्हाईक खवळलं, आणि वरच्यांना कोणाला तरी काढून दाखवायचं होतं. चाचांचा करार वाढवू नये, या कागदावर माझीही सही आहे. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. त्याची अजून लाज वाटते.

शेवटच्या दिवशी चाचा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मला मान वर करवेना.

"साहेब, मनाला लावून घिऊ नका. तुमी कुठं खोटं बोलला? असं व्हईल हे तुमाला तरी काय ठावं?"

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्यानंतर वर्षभर पेटीत एकही चिठ्ठी पडली नाही. वर्षात एकही चूक झाली नाही म्हणून कंपनीने आमच्या विभागाचा सत्कार केला. शाल घ्यायला मीच गेलो.