यंत्राच्या तोंडातल्या अक्षता

आमच्या घरी दसऱ्याला मिक्सरलासुद्धा झेंडूचं फूल मिळतं. ही पद्धत माझ्या माहेरची. वडील मोहने गावातल्या एका कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला तिथली यंत्रं बंद ठेवून, धुऊनपुसून त्यांची पूजा व्हायची आणि त्या एका दिवशी आम्हा मुलांना आत सोडायचे. पान्यांना आणि कानशींना हळदकुंकू वाहताना वडील जितके हळवे दिसत, तितके आमच्यापैकी कुणाच्या वाढदिवसालाही दिसले नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, एवढंच ते म्हणत. मी लग्न होऊन डोंबिवलीत आले ती हे वाक्य बरोबर घेऊनच.

सासरी अवजार म्हणावं असं काही नव्हतं. आमच्या ह्यांची कचेरीतली नोकरी, म्हणजे अवजार काय तर पेन. मग मी शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, पुढे फ्रिज असं जे दिसेल ते पूजेला बसवलं. हे मागे उभे राहून म्हणायचे, कुकर राहिला बघ, पोट खरं त्याच्यावर चालतं. मी कुकरलाही कुंकू लावलं. चेष्टेला घाबरून पद्धत सोडणाऱ्यातली मी नाही.

मुलगा कॉलेजात असताना शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने एक गेमचा डबा आणला. काळा, जाडजूड, टीव्हीला जोडायचा. पुढचं बटण दाबलं की एक ट्रे सरकत बाहेर यायचा, त्यात तबकडी ठेवायची, परत बटण दाबलं की ट्रे आत. गेमशी मला देणंघेणं नव्हतं, पण तो ट्रे मला फार आवडला. पहिल्याच दसऱ्याला मी तो बाहेर काढला, त्यावर कुंकवाचं बोट लावलं, झेंडूची पाकळी ठेवली, चार अक्षता वाहिल्या आणि बटण दाबलं. सगळं घेऊन तो शांतपणे आत गेला. इतकी वर्षं देवाला नैवेद्य दाखवते, पण समोरच्याने असा घास आत घेतलेला कधी पाहिला नव्हता. मी पदराने डोळे पुसल्याचं हे आजही सांगतात. डोळ्यात उदबत्तीचा धूर गेला होता, हे मीही आजवर सांगते.

पुढे मुलगा परदेशी गेला. डबा इथेच राहिला आणि मी दरवर्षी त्याला अक्षता भरवत राहिले. मग हे निवृत्त झाले आणि दुपारचा चहा झाला की डब्यापुढे बसायला लागले. गाड्यांची शर्यत. सगळ्या रस्त्यांत ह्यांना एकच रस्ता आवडायचा, समुद्राच्या कडेने जाणारा. बाकीच्या गाड्या सुसाट जायच्या आणि हे स्कूटरवरून भाजी आणायला निघाल्यासारखे डावीकडून सावकाश. नेहमी शेवटचे. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, पोचलात का, की पोळ्या झाकून ठेवू? साठी उलटली आणि खेळण्यातल्या गाड्या फिरवतात, हे मी शेजारणींनाही सांगितलं आहे. घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत, हे तर मी सगळ्या जगाला सांगितलं आहे.

गेल्या वर्षी श्रावणात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हलका, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांच्या दृष्टीने हलका. ह्यांचा डावा हात कोपरापासून खाली ऐकेनासा झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक पिवळा चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबायचा. ह्यांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी सोफ्याखाली सरकवला. मी ओरडले, हे भिंतीकडे बघत बसले. मग एका दुपारी माझ्याच मनात आलं आणि मी गेमचा तो रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यावर गाडी वळवायची ती डाव्या अंगठ्यानेच. पहिले आठ दिवस गाडी नुसती समुद्रात पडत होती. हे मात्र चिडले नाहीत. बाईंनीही मान हलवली, म्हणाल्या, चेंडूपेक्षा हे बरं, मन लागतंय ना, चालू दे. नवरात्र लागेपर्यंत गाडी रस्त्यावर राहायला लागली आणि ह्यांनी डाव्या हाताने पाण्याचं भांडं धरून दाखवलं. अर्धं सांडलं. मी पुसून घेतलं आणि त्या दिवशी एक शब्द बोलले नाही.

म्हणून त्या दसऱ्याला मी डब्याची पूजा जरा जास्तच केली. ज्याच्यावर ह्यांचा हात चालायला लागला होता, त्याला हात जोडायचे होते. चार दाणे वाहायचे तिथे चिमूट वाहिली.

तीन दिवसांनी हे दुसऱ्या गाड्यांची तबकडी घालायला गेले तर ट्रे बाहेरच येईना. आतून नुसतं कटकट, कटकट. बटण दाबून दाबून मी थकले. समुद्राकाठच्या रस्त्याची तबकडी आतच अडकली आणि तीही चालेना. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आई, त्या डब्याचं काय घेऊन बसलीस, नवीन पाठवतो. हे म्हणाले, नको. नवीन रस्ते शिकायचं आता वय नाही. इतकंच बोलले आणि उठले. चेंडू परत हातात दिला तर घेतला नाही. डावा हात शालीत घालून बसायला लागले, पाहुणे आले तरी बाहेर काढत नव्हते. बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं की हे दोन-तीन महिने महत्त्वाचे आहेत, आत्ता हात थांबला तर पुढे जड जाईल. मला दुसरं काही सुचेना. डबा चालू झाला पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं.

डोंबिवलीत तीन दुकानं फिरले. तिघांनीही तो उघडण्याआधीच भंगारात द्यायचा सल्ला दिला. तिसऱ्याला मी विचारलं, तुझ्या दुकानात दुरुस्ती हा शब्द कशाला लिहिलायस मग? तो ओशाळला आणि त्याने ठाण्यातल्या एका माणसाचा पत्ता दिला. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, पूर्वी कॅसेट प्लेअर दुरुस्त करायचा, आता जुने गेम करतो. मी डबा टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीत घातला. कोपरीला बहिणीकडे जाते असं ह्यांना सांगितलं. लग्नानंतर मी ह्यांच्याशी फारसं खोटं बोललेली नाही. बोलायची गरजच पडली नाही, ते कधी काही विचारतच नाहीत.

दुरुस्तीवाला माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा असेल. कपाळावर भिंग बांधलेलं, बोलणं मोजकं. मला स्टुलावर बसवून त्याने एकेक स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत ठेवले, वरचं झाकण उचललं, अडकलेली तबकडी काढून बाजूला ठेवली, ट्रेचा भाग सुटा केला आणि कागदावर आपटला. टप टप करून दाणे पडले. तांदळाचे, लाल. बरोबर एक वाळकी पाकळी. त्याने भिंग वर केलं.

"काकू, ह्यात तांदूळ कुठून आले?"

"उंदीर असतील," मी म्हणाले.

"उंदीर तांदळाला कुंकू नाही लावत, काकू."

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे. मग सगळं सांगितलं, दसरा, अक्षता, वर्षानुवर्षांची पूजा. तो हसला नाही हे त्याचे उपकार. त्याने चिमट्याने एक पांढरं चक्र उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. शर्टाच्या बटणाएवढं. कडेने बारीक दात, आणि एका जागी दोन दात नाहीत. तिथे दाणा अडकला, मोटर ढकलत राहिली, प्लास्टिक जुनं, दात गेले, असं त्याने समजावलं. मग कागदावरचे दाणे बोटाने पसरत म्हणाला, पण काकू, इतकी वर्षं टाकताय तर मूठभर निघायला पाहिजे होते. हे तर एकाच वेळचे वाटतात, रंग बघा कसा ताजा आहे. बाकीचे कुठेतरी सांडले असतील, असं मी म्हटलं.

असं चक्र आता कुठे मिळत नाही म्हणाला. दात नवे करावे लागतील. त्याने एक पातळ गोंद काढला आणि कप्प्यातून एक पुडी काढली. पुडीत खाण्याचा सोडा. मला वाटलं हा माझी थट्टा करतोय. पण गोंदाच्या थेंबावर सोडा पडला की त्याचा क्षणात दगड होतो, हे त्याने मला एका काडीवर करून दाखवलं. ढोकळा फुगवणारी वस्तू असला उद्योग करत असेल, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा सोडा जास्त पडला, शेजारच्या दातांवरही चढला आणि खरवडून काढावा लागला. तिसऱ्यांदा खरवडलं तर चांगले दातही जातील, असं पुटपुटला आणि त्याने हात पँटला पुसले.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, इकडे आण. पन्नास वर्षं रोज दारात रांगोळी काढते आहे. चिमटीतून किती सोडायचं आणि कधी थांबायचं, हे माझ्या बोटांना विचारावं लागत नाही. त्याने गोंदाचा थेंब ठेवायचा, मी सोड्याची रेघ सोडायची, असं चार वेळा केलं. बोटं स्थिर राहिली. मग त्याने बारीक कानस घेऊन त्या ढेकळातून दोन दात कोरून काढले. कानशीचा तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. वडील असते तर त्यांनी चक्र उजेडात धरून नक्की काहीतरी खोट काढली असती, आणि मग हळूच खिशातून पेढा काढून दिला असता. मला त्यांची फार आठवण आली.

जोडणी झाली. बटण दाबलं. ट्रे थोडा कुरकुरत बाहेर आला. परत दाबलं, आत गेला. त्याने मला दहा वेळा करून बघायला लावलं. आणि काकू, पूजा झाकणावरून करा आता, असं निघताना सांगितलं.

घरी आले तेव्हा हे खिडकीशी बसले होते, हात शालीत. मी काही न बोलता डबा टीव्हीला जोडला आणि ट्रे उघडून दाखवला. ह्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मला वाटलं, आता गप्प राहावं. दुरुस्त झालं, खेळ संपला. पण चाळीस वर्षं मी ह्या माणसाचे दोष काढत आले. कपात राहिलेली साखर, उलटा ठेवलेला टॉवेल. आपली पाळी आली की तोंड मिटायचं, हे मला जमेना. ह्यांचा हात थांबला तो माझ्यामुळे. मी समोर बसले आणि सांगितलं. अक्षता आत गेल्या, दात तुटले, मीच बिघडवलं.

"माहीत आहे," हे म्हणाले.

मग हे हळूहळू बोलले, झटक्यानंतर बोलतात तसे, शब्द शोधत. "दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू भाजीला गेलीस, की मी तो उलटा करून झटकायचो. सगळे दाणे काढायचो. ह्या वेळी एका हाताने उचलवला नाही."

इतकी वर्षं. मला न सांगता, मी येण्याच्या आत, खाली पडलेले दाणे वेचून. घरात इकडची काडी तिकडे न करणारा माणूस. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी विचारलं, एकदा सांगायला काय झालं होतं?

"तो आत घ्यायचा ना, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं व्हायचं."

मी उठून चहा टाकायला गेले, कारण मला तिथे बसवेना. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने समुद्रात पडल्याचाही.

हे वर्ष असंच गेलं, गाडी पडत, उठत. हात पूर्वीसारखा झालेला नाही, होणारही नाही. पण आता सदऱ्याची बटणं लावतात, भांड्यातलं पाणी सांडत नाही, शाल कपाटात आहे. परवा दसरा झाला. मी डबा पुसला, झाकणावर कुंकू लावलं, फूल ठेवलं आणि हात जोडले. हे मागे उभे होते. पुढे झाले आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. ट्रे बाहेर आला.

"अक्षता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नकोत, दात पडतील.

"दोन टाक. उलटा करायला आता दोन हात आहेत."

मी दोन टाकल्या. मोजून दोन. ट्रे आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन भाजीला गेले. मेथीची एकच जुडी घ्यायची होती. ती घेतली, मग उगाच वाटाण्यांचा भाव विचारला, भेटेल तिच्याशी बोलले आणि घरी जायला मुद्दाम अर्धा तास उशीर केला.