पुढची काच आणि पेणची परीक्षा

आमच्या गाडीची पुढची काच बाबांनी नारळाने फोडली.

दसऱ्याची सकाळ होती आणि हेतू पवित्र होता. नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी धुऊनपुसून उभी होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, जाळीत झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. नारळ चाकाजवळच्या दगडावर वाढवायचा होता. बाबांनी तो इतक्या श्रद्धेने आपटला की अर्धा दगडापाशी राहिला आणि अर्धा उसळून थेट काचेवर गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग अख्खी काच खडीसाखरेसारखी पुढच्या सीटवर ओतली गेली. आईने आधी हात जोडले, मग सीटवरचं खोबरं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "नारळ मात्र गोड निघाला."

गाडी जुनी होती. बाबांनी ती त्यांच्या साहेबांकडून घेतली होती, साहेबांनी एका डॉक्टरांकडून, आणि डॉक्टरांच्या आधीचा इतिहास कुणालाच ठाऊक नव्हता. एरवी काच महिनाभर नसती तरी कुणाचं अडलं नसतं. पण येत्या सोमवारी पेणच्या आरटीओत माझी ड्रायव्हिंगची परीक्षा होती आणि माझं शिकाऊ लायसन त्याच आठवड्यात संपत होतं.

आता ही परीक्षा एवढी महत्त्वाची का, ते सांगते. न्हावा शेवाच्या नव्या बंदराजवळ एका कचेरीत मला नोकरी लागली होती. तिथे जाणारी एसटी तिच्या सोयीने यायची आणि कंपनीची जीप पुरुषांनी ओसंडून वाहायची. बाबांनी निकाल दिला होता: लायसन मिळालं तर गाडी घेऊन जा, नाही तर नोकरी विसर. मला ती नोकरी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट मागितली होती, तीही जेवताना, मान खाली घालून, भाताच्या ढिगाकडे बघत. आणि ती मिळाली होती! आता एका नारळापायी ती हातची जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

(मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर परीक्षा देता आली असती. पण तिच्या छपरावर माझ्याएवढी लाल पाटी होती, आणि मला चारचौघांत उठून दिसायचं नव्हतं. पुढे जे झालं ते पाहता हे वाक्य मी खोडायला हवं.)

काच बसवणारा कारागीर गावी गेला होता. त्याच्या दुकानाच्या फळीवर खडूने 'दिवाळीनंतर' एवढंच लिहिलेलं होतं. बाबा हताश होऊन गॅलरीत बसले. तेव्हा तळमजल्यावरचे पाटणकर काका वर आले. जगात असं एकही काम नव्हतं जे पाटणकर काकांनी 'एकदा बघितलेलं' नव्हतं. काच बसवणंही त्यांनी एकदा बघितलेलं होतं.

"सोपं आहे हो," ते म्हणाले. "काचेभोवती रबर, रबराच्या खाचेत दोरी. एकाने बाहेरून काच दाबायची, एकाने आतून दोरी ओढायची. रबर आपोआप पत्र्यावर चढतं. वरून ती चकचकीत पट्टी ठोकली की झालं."

बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. 'झालं' या शब्दावर त्यांचा विश्वास नसे. पण मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं असणार, की ते उठून उभे राहिले.

शनिवारी मी आणि बाबा कळंबोलीला जाऊन जुन्या गाड्यांच्या सामानातून एक काच घेऊन आलो. येताना टेम्पो मिळाला तो जवळच्या ओवे गावातल्या एका माणसाचा. मी काच गोधडीत गुंडाळून मांडीवर घट्ट धरून बसले होते. तो आरशातून माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "ताई, काच हाय का बाळ हाय? आमी रोज अंडी नेतो, एक फुटत नाय." त्यानंतर त्याने नेमाने प्रत्येक खड्डा घेतला. काच फुटली नाही. माझ्या गुडघ्यांविषयी तसं म्हणता येणार नाही.

दरम्यान घरी आईने जुनं रबर धुवायला घेतलं होतं. ते गाडीवरून काढलं तेव्हा काळं, चिकट आणि धुळीने माखलेलं होतं, आणि आईच्या घरात मळकी वस्तू पुन्हा वापरायची पद्धत नव्हती. तिने ते साबणाच्या पाण्यात भिजवलं, ब्रशने घासलं आणि गच्चीवर बाबांच्या सदऱ्यांशेजारी वाळत घातलं. आई सगळं वाळत घालते ते उलटं करून. ऊन लागून वरचा रंग उडू नये, म्हणून. सदरे, परकर, उशांचे अभ्रे, सगळं. तिने ते रबराचं वेटोळंही नीट पिरगाळून आतलं बाहेर केलं आणि दोन चिमटे लावले.

हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी घडी घातलेलं, स्वच्छ, आईने पहिल्यांदाच पूर्ण पसंत केलेलं असं रबर आमच्या हातात आलं.

रविवारी सकाळी पाणी आल्या आल्या आम्ही खाली उतरलो. रबर काचेभोवती बसलं. दोरीचा प्रश्न आला. बाबांनी सुतळी आणली, ती खाचेत जाईना. आईने नव्या परकराची नाडी काढून दिली (तोंड वाकडं करून), ती साबणाच्या पाण्यात फुगली आणि पहिल्याच हिसक्याला तुटली. मग पाटणकर काकांनी गच्चीवरची नायलॉनची दोरी सोडून आणली. तिच्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे कपडे होते, ही गोष्ट त्यांनी खाली आल्यावर सांगितली.

गाडीत बसून दोरी ओढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बारीक होते आणि तक्रार करत नसे. बाहेरून बाबा आणि काका काच दाबून उभे राहिले. एव्हाना बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. लोक चहाचे कप घेऊन बसले होते. मी मान खाली घातली आणि ओढायला लागले.

दोरी सुरसुर येऊ लागली आणि रबर खरंच पत्र्यावर चढू लागलं. मला इतका आनंद झाला की अर्धी काच बसेपर्यंत मी फक्त दोरीकडे बघत होते. मग माझं लक्ष नाकासमोर गेलं. रबराच्या अंगावर दोरीच्या खाचेखेरीज आणखी एक लांबच लांब खाच होती. ही खाच कशासाठी असावी, याचा मी विचार केला. ती चकचकीत पट्टीसाठी होती. चकचकीत पट्टी गाडीच्या बाहेर लागते. खाच गाडीच्या आत होती.

इंग्रजी शाळेत आम्हाला मोठ्यांचं बोलणं तोडू नये असं शिकवलं होतं. मी बाबांचं वाक्य संपायची वाट पाहिली. मग म्हणाले, "बाबा, मला वाटतं, कदाचित आपण एकदा…" काचेपलीकडे बाबांना फक्त माझे ओठ हलताना दिसले. त्यांनी मान डोलावली आणि अधिक जोराने दाबलं. मी बोटाने खाच दाखवली. पाटणकर काकांना वाटलं मी 'छान' म्हणते आहे, त्यांनीही बोट वर केलं. मी काचेवर टकटक केलं, अगदी कुणाच्या घरी गेल्यासारखं. बाबांनी शेवटचा दाब दिला. काच चपखल बसली. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या.

मग काका पट्टी घेऊन गाडीभोवती फिरू लागले आणि त्यांना खाच सापडेना. मी दार उघडून बाहेर आले आणि हळूच सांगितलं. बाबांनी आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वर गॅलरीकडे बघून विचारलं, "अगं, रबर वाळत कसं घातलं होतंस?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं," आई म्हणाली. "उलटं करून."

पाटणकर काकांनी सुचवलं की पट्टी आतूनच लावावी, शोभा बसणाऱ्यालाच दिसेल, बाहेरच्यांना कशाला दाखवायची. बाबांना हे पटू लागलं होतं. ते थकले होते. "पुढच्या खेपेला देऊ परीक्षा," ते म्हणाले. "नोकऱ्या काय, मिळतात."

तेव्हा मी बोलले. किती मोठ्याने, ते मला माझं मला कळलं नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचा तरी कप खाली पडला.

"नाही. काच परत काढायची. आजच."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाडीचा हॉर्न आपणहून वाजला असावा. "ही ओरडते?" त्यांनी आईला विचारलं.

"ओरडते की," आई म्हणाली. "शाळेत शिकवलं नाही म्हणून काय झालं. माझी मुलगी आहे."

काच काढायची एकच रीत पाटणकर काकांनी एकदा बघितलेली होती. सीटवर आडवं पडायचं आणि दोन्ही पाय काचेला लावून आतून बाहेर रेटायचं. मी लगेच चपला काढल्या. पण गॅलरीतली आई तोवर जिना उतरून खाली आली होती. पूजा झालेल्या गाडीला पाय? दसरा होऊन चार दिवस नाही झाले, कुंकू अजून ओलं आहे. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

सगळं पुन्हा अडलं. बाबा विचारात पडले. मग त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "पूजा गुरुवारी झाली. काच शनिवारी आली. म्हणजे गाडीची पूजा झाली आहे, काचेची नाही. काचेला पाय लावता येतो."

आईने यातली फट शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. "रबराची झाली होती," ती शेवटी म्हणाली. "रबराला लावू नकोस."

तर अशा रीतीने, पंजाबी ड्रेसमध्ये, अख्ख्या बिल्डिंगसमोर मी सीटवर उताणी पडून दोन्ही पायांनी काच रेटली, आणि तळवे रबराला लागणार नाहीत याची काळजी घेत रेटली. (मला चारचौघांत उठून दिसायचं नव्हतं!) पाय एकदा रबराला लागलाच. आईने खिडकीतून माझा हात धरून नमस्कार करायला लावला आणि मगच पुढे जाऊ दिलं. पाचव्या की सहाव्या रेट्याला काच सुटून बाबांच्या आणि काकांच्या हातात अलगद गेली. यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. लोक जेवायला गेले होते.

दुसऱ्यांदा काच बसवण्याआधी आम्ही रबर सुलटं केलं, तिघांनी तपासलं, आईने चौथ्यांदा तपासलं. पट्टीही घातली. पट्टीचे दोन तुकडे काचेच्या वर मधोमध जुळतात, आणि त्या सांध्यावर एक छोटं झाकण बसतं. ते झाकण साबणाच्या बादलीत होतं. बादली आईने तुळशीच्या आळ्याजवळ रिकामी केली होती. आम्ही चिखल चाळला, झाकण मिळालं नाही. सांध्यात बोटभर फट राहिली. सगळे तिच्याकडे बघत उभे होते. आई वर घरात गेली आणि स्वतःची मोठी मरून टिकली आणून तिथे चिकटवली. "आता कशी बरी दिसते," ती म्हणाली. आणि खरंच, बरी दिसत होती.

सोमवारी पहाटेच आम्ही पेणला निघालो. बाबा चालवत होते आणि दर मैलाला विचारत होते, काच हलतेय का. मागे आई आणि पाटणकर काका होते. काकांनी आरटीओची परीक्षाही एकदा बघितलेली होती.

मैदानात इन्स्पेक्टर साहेब आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टिकलीपाशी थांबले, माझ्या कपाळाकडे पाहिलं. माझ्या शेजारी येऊन बसले. मी काचेतून समोर पाहिलं. काच लख्ख होती. जग इतकं स्वच्छ मला कधी दिसलं नव्हतं. त्या स्वच्छ जगात, आमच्या अगदी पुढ्यात, कुणाची तरी जीप बंद पडून आडवी उभी होती.

"पुढे जागा नाही," साहेब म्हणाले. "मागे घ्या."

मी मान वळवली आणि गाडी मागे घेतली. "अजून." आणखी घेतली. "त्या झाडाला वळसा." झाडाला वळसा घातला. "आता भिंतीच्या कडेने." भिंत झाली, गेट झालं, चहाची टपरी झाली. जीप तशीच होती. अख्खं मैदान मी उलटं फिरले आणि सुरुवातीच्या जागी येऊन थांबले. साहेबांनी सही केली. पास.

बाबा धावत आले. पहिला प्रश्न, "काच कशी वाटली त्यांना?"

"चांगली," मी म्हणाले. त्यांच्याकडे बघून म्हणायचं होतं, पण मान मागे वळली होती ती सरळच होईना. शिरेवर शीर चढली होती. आईने तिथेच चोळून पाहिलं, पाटणकर काकांनी एकदा बघितलेला एक उपाय केला, त्याने मान आणखी दोन बोटं वळली.

नोकरी मला मिळाली, ती मी केलीही. पण त्या दिवशी, परीक्षा पास झालेली मी, पेणपासून पनवेलपर्यंत बाबांच्या शेजारी बसून आले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून दोनदा बसवलेल्या त्या लख्ख काचेकडे पाठ करून, सबंध रस्ताभर मागच्या सीटवर घोरणाऱ्या पाटणकर काकांना बघत आले.