तीन स्कॅन आणि आईंची फाइल

गेल्या रविवारी नाशिकरोडच्या आमच्या घरी मी एक उद्योग करून ठेवला. सासूबाईंचा लॅपटॉप साफ करायला घेतला...

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या पेठ तालुक्यात बावीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या. तिकडच्या डोंगरातल्या बायकांच्या तोंडचे शब्द त्या वह्यांमध्ये उतरवून ठेवायच्या. त्यातल्या बऱ्याच वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. उरलेलं आणि आठवलेलं सगळं त्या रिटायर झाल्यापासून रोज दुपारी लॅपटॉपवर टाइप करतात, एका जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर.

हल्ली लॅपटॉप फार हळू चालायला लागला होता, मध्येच जाहिराती उघडायच्या. "काहीतरी शिरलंय बघ यात," आई म्हणाल्या. मग मी एक फुकटचं अँटी-स्पायवेअर टाकलं. गुपचूप नजर ठेवणारे प्रोग्रॅम ते शोधून काढतं. त्याने सांगितलं, काहीही सापडलं नाही.

जाहिराती तर येतच होत्या. म्हणून दुसरं टाकलं... त्याने एकशे सदतीस दाखवले. तिसऱ्याने सहा. पण त्या सहातला एक लाल अक्षरात होता, कीलॉगर. म्हणजे तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण नोंदवणारा हेर.

मी घाबरले. आईंची पेन्शन त्याच लॅपटॉपवरून बघितली जाते. नीट न वाचताच 'सगळे काढून टाका' दाबलं आणि मोठं काम केल्यासारखी चहा टाकायला गेले.

दुपारी आईंनी फाइल उघडली. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, कसली कसली चिन्हं... एक शब्द वाचता येईना. टायपिंगचा प्रोग्रॅमही गायब.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त लॅपटॉप मिटला आणि मेथी निवडायला बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यातल्या कितीतरी बायका आता नाहीत गं."

सोमवारी ऑफिसला सुट्टी टाकली आणि दोघी रिक्षाने पंचवटीत शेखभाईंकडे गेलो. भाजीबाजाराजवळच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माझा आधीचा लॅपटॉप त्यांनीच जगवला होता.

शेखभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. ते डिलीट नाही झालं, क्वारंटाइनमध्ये गेलंय. वेगळं कोंडून ठेवलंय फक्त."

"पण तीन जण तीन गोष्टी कशा सांगतात?" आईंनी विचारलं. त्यांना अजूनही याचंच कोडं पडलं होतं.

"प्रत्येकाची यादी वेगळी असते, आई. पहिल्याकडे तुमच्या जाहिरातीवाल्याचं नावच नाही, तर त्याला दिसणार कसा? दुसरा कुकीज, म्हणजे वेबसाइट ठेवतात त्या साध्या नोंदी, पण मोजतो... आकडा मोठा दिसला की माणूस घाबरून पैसेवालं घेतो. तिसरा नावापेक्षा वागणूक बघतो. तुमचा टायपिंगवाला प्रोग्रॅम प्रत्येक बटण पकडून त्याचं मराठी अक्षर करतो. हेर पण बटणंच पकडतो. त्याला वाटलं हाच चोर."

आई पहिल्यांदा जरा हसल्या. "पेठला टाकळ्याचं असंच व्हायचं. एकीसाठी तण, दुसरीसाठी भाजी, तिसरी म्हणायची औषध आहे. तिघीही आपापल्या जागी बरोबर."

शेखभाईंनी प्रोग्रॅम परत आणला, त्याच्यासोबत गेलेला फॉन्टही आला आणि त्या चिन्हांची पुन्हा मराठी अक्षरं झाली. जाहिराती दाखवणारं खरं पात्र तिसऱ्याला सापडलेल्या बाकीच्या पाचांतच होतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून सगळ्या फाइल्स आजच्या मराठी फॉन्टमध्ये बदलून पेनड्राइव्हवर घ्यायचं ठरलं. "एकेक उघडून अक्षरं नीट आलीत का तेवढं बघा," ते मला म्हणाले.

मी एकेक उघडत गेले. प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव. इतक्या वर्षांत मी हे कधी वाचलंच नव्हतं...

आणि मग एक फाइल आली. नाव होतं, 'वैशाली'. म्हणजे मी.

माझं माहेर सटाण्याकडचं. माहेरी आम्ही अहिराणी बोलतो. लग्न होऊन इथे आल्यावर मी ती घरात बोलणं बंद केलं, कोणी हसेल म्हणून. फक्त माझ्या आईचा फोन आला की पोळ्या लाटता लाटता स्पीकरवर बोलते तेवढीच. त्या फाइलमध्ये आम्हा मायलेकींचे शब्द होते. आठे, तठे, कथा, म्हणजे इथे, तिथे, कुठे... शंभरच्या वर. एका ओळीत लिहिलं होतं, "आंडेर : लेक. वैशालीची आई म्हणते, मनी आंडेर शे ती."

मी आईंकडे बघितलं. त्या जरा ओशाळल्या. "चोरून ऐकायला नको होतं मी. पण विचारलं असतं ना, तर तू लगेच शुद्ध बोलायला लागली असतीस."

खरं होतं ते. मी तेच केलं असतं.

रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आत्याला काय म्हणतात गं?" मी सांगितलं. मग मामाचं विचारलं, मग जावेचं. पूल ओलांडून घर येईपर्यंत मी अहिराणीतच बोलत होते, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता तरी मला काही वाटलं नाही...

ज्या बोलीची मला इतकी वर्षं लाज वाटत होती, ती माझ्या सासूने शब्दन् शब्द जपून ठेवली होती. आई, मनापासून थँक्यू.