नावं जागेवर थांबली

मित्रांनो, आज दुपारी जीव भांड्यात पडला.

एरवी मी लातुरात क्लासच्या जाहिरातींचे व्हिडिओ करतो. आजचं काम मात्र आमच्या गावाचं होतं. भूकंपात पडलेल्या जुन्या गावठाणावर ड्रोन फिरवला होता. ज्याचं घर जिथं होतं तिथं व्हिडिओत त्याचं नाव दिसायला हवं होतं, आणि उद्या स्मृतिदिनाला ते सगळ्यांसमोर दाखवायचंय.

ड्रोन कसकसा हलला याचे आकडे ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरमधून स्क्रिप्टने, म्हणजे एका छोट्या प्रोग्रामने, चित्रावर नावं बसवणाऱ्या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणले, तर नावं जमीन सोडून पळायला लागली.

शेजारी बसलेले आमच्या गावचे गफूरचाचा म्हणाले, "माधवा, माझं घर चालून राहिलंय की. एकदा हाललं तेवढं लई झालं."

देवाचं नाव घेऊन स्क्रिप्ट पुन्हा वाचली. ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर चित्रातली उंची खालून मोजतं, कंपोझिटिंगचं वरून. एक ओळ बदलली आणि सगळी नावं आपापल्या जागी थांबली.

चाचांनी स्क्रीनवर आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हाव, इथंच. आता नातीला दाखवतो. तिला वाटतं, मी कहाण्या सांगतो."

मी मनोमन हात जोडले.

आपलं जुनं घर नेमकं कुठं होतं, हे तुम्हाला मुलांना बोट ठेवून दाखवता येईल का?