बदललेला बॉयलर

सोमवारी बाबा गेले. शुक्रवारी मी त्यांच्या रेल्वे वर्कशॉपबाहेर मांडलेलं वाफेचं इंजिन पाहायला गेले. तिथे मालगाड्या ओढून थकलेल्या अशा इंजिनांच्या जुन्या चाकांवर नवा बॉयलर चढवत आणि ती इंजिनं पुन्हा कामाला लावत. याचा बॉयलर बाबांनी रिव्हेट ठोकून, पत्र्याला पत्रा जोडत बांधला होता.

“यातले बाबांच्या हातचे रिव्हेट कुठले, काका?” मी त्यांच्या जुन्या जोडीदारांना विचारलं.

“एकही नाही, पोरी. तो रिटायर झाल्यावर आम्ही बॉयलर पुन्हा बदलला; बदलणाऱ्यांत आता मीच उरलोय. दर खंडेनवमीला पूजेला यायचा, हात फिरवून म्हणायचा, ‘बघ लेका, अजून पक्के आहेत!’ त्याला कसं सांगणार?”

ऊन उतरलं होतं, लोखंड गार पडत होतं. दुसऱ्यांच्या कामावर बाबा किती मायेनं हात फिरवत राहिले. आता हे फक्त काकांना आणि मला माहीत आहे.