न उडालेला बार
प्रयोगशाळेत गंधक तापू लागले की मला कुवेतच्या जुन्या बाजारातले ते अंधारे दुकान आठवते. साठच्या दशकात, एम.एस्सी.च्या सुट्टीत मी तिथे नोकरीला असलेल्या अब्बांकडे गेले होते. वाळवंटातल्या हरणांसाठी त्यांना आमच्या रत्नागिरीकडे असते तशी, तोंडाकडून दारू ठासून भरायची ठासणीची बंदूक घ्यायची होती, आयुष्यातली पहिलीच. भिंतीवरची एक त्यांना पसंत पडली. पूर्वी मुंबईत व्यापार केलेला म्हातारा अरब दुकानदार हलकेच म्हणाला, "इसका मालिक हिरन के पीछे गया था. ऊंट आया, बंदूक आई. वो नहीं आया." "म्हणजे स्वस्तात मिळणार!" अब्बा मला म्हणाले. मग नळी मोकळी आहे का हे पाहण्यासाठी, गावच्या रीतीने, त्यांनी दस्ता जमिनीवर टेकवला, चाप ओढताच आपटणारा वरचा घोडा पायाच्या अंगठ्याने मागे ओढून धरला आणि फुंकर मारायला नळीला तोंड लावले. उचललेल्या घोड्याखाली मला हिरवटलेली केप दिसली, घोडा आपटताच ठिणगी पाडून बार उडवणारी तांब्याची टोपी. "अब्बा, तोंड काढा! पाय हलवू नका!" मी दोन्ही हातांनी घोडा धरला, दुकानदाराने केप काढली. मग नळीत तिच्याच लांबीचा गज सोडला, तर तो तळाला न टेकता वीतभर बाहेरच राहिला. बंदूक भरलेली होती. दुकानदाराने बार उपसला, तेव्हा दारू कोरडी निघाली आणि गंधकाचा वास अगदी ताजा. अब्बांनी बंदूक जागेवर टांगली. शिकारीचे नाव पुन्हा काढले नाही. कोरड्या हवेत दारू वर्षानुवर्षे कशी टिकते, हे मी आज समीकरणांसह सांगू शकते. परंतु बंदुकीच्या त्या मालकाला वाळवंटात समोर असे काय दिसले, की भरलेली बंदूक हातात असूनही त्याने चाप ओढला नाही, हे मला अजून सांगता येत नाही.