जेवलं का?

बायको रोज संध्याकाळी पुण्याहून फोन करते आणि एकच विचारते, "जेवलं का?"

मला विचारायचं असतं तर ती "जेवलात का" म्हणाली असती. "जेवलं" हे कासवासाठी. मी "जेवलं" म्हणतो, ती "बरं" म्हणते आणि फोन बंद होतो.

श्रावणात ती सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे गेली. बारशाला मी जिंतूरहून निघालो, पण एसटी वाटेत बंद पडली. पोहोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं आणि बायका घुगऱ्या खात बसल्या होत्या. आजोबासाठी थोडा वेळ थांबले असते तर पाळणा काही मोडला नसता. मी चप्पल न काढता पिशवी दारात ठेवली आणि परत फिरलो. बायको जिन्यापर्यंत मागे आली. "दोन घास तरी खाऊन जावा," म्हणाली. मी थांबलो नाही.

त्या दिवसापासून तिनं मला जेवणाचं विचारलेलं नाही. ती परतही आलेली नाही आणि मी बोलावलेलं नाही. जुने पाण्याचे पंप घ्यायचे आणि दुरुस्त करून विकायचे, हा माझा धंदा. हाती काही नसताना उभा केला. त्यात एकच गोष्ट शिकलो. आपला भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो उतरला. पुण्याच्या लोकांनी थांबायला हवं होतं, हा माझा भाव. तो सांगून मी गप्प बसलो होतो.

कासव मुलानं शाळेत असताना हट्टानं आणवलं होतं. परदेशी जातीचं, तळहातावर मावेल एवढं. आता ते ताटाएवढं झालं आहे. मुलगा नोकरीला गेला, कासव राहिलं. त्याचं खाणंपिणं बायकोनंच केलं. भाजी कुठली, किती, कशी ठेवायची, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

ती गेल्यावर मी भाजी माझ्या पद्धतीनं आणली. बाजार उठायच्या वेळी गेलो. बोरीहून येणारी एक बाई उरलेली मेथी पुढ्यात घेऊन बसली होती.

"सगळा ढीग उक्ता घेतो. बोला."

"मामा, मेथी हाय ही. तुमच्या दुकानातलं भंगार न्हाई उक्तं घ्यायला."

"न्हाई घेतली तर म्हशीपुढंच टाकणार ना?"

"म्हैस निदान घासाघीस तर करत न्हाई."

तरीही ढीग मीच आणला. नळाखाली स्वच्छ धुतला, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबला, पिशव्यांना गाठी मारल्या आणि फ्रीज भरला. दोन दिवसांत पिशव्यांत काळा चिखल झाला. पुन्हा आणली, पुन्हा तेच. बायकोला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जुन्या धोतराचं एक फडकं घडी करून ठेवलेलं होतं. पुसायचं असेल म्हणून मी ते दुकानात नेलं आणि पंपाचं ग्रीस पुसायला घेतलं. पुसता पुसता घडी उलगडली. आत वाळून चिकटलेली पानं होती, आणि मुळं कापल्यावर उरतात तसली बारीक देठं. कडेला खाचा असलेली पानं पाहून ओळखलं, पाथरी, बांधावर आपसूक उगवणारी रानभाजी. म्हणजे ती भाजी न धुता, मुळं कापून, कोरडी याच्यात गुंडाळत होती. तोवर अर्धं फडकं काळं झालं होतं.

थंडी पडली तशी कासवानं तोंड फिरवलं. मेथी टाकली, राजगिरा टाकला, शेवग्याचा पाला टाकला. ते डोळे मिटून पडून राही. संध्याकाळी फोनवर मी "जेवलं" म्हणत राहिलो. त्याचं बरंवाईट झालं तर ती फोन कशासाठी करेल, हा विचार दिवसभर डोक्यात राहायचा. भीती वाटत नव्हती. पंपात माती अडकावी तसं काहीतरी नुसतं अडकलेलं होतं.

बोरीकडे एक पंप बघायला गेलो. हरभऱ्याच्या रानात बांधाच्या कडेला पाथरी पसरली होती. बोलणी सोडून मी खाली बसलो आणि उपटायला लागलो.

"शेठ, पंपाचं बोला की! गवत काय उपटायलाव?" शेतकरी म्हणाला. "का हे बी पंपावर फुकट पायजे?"

"हे बी पायजे," मी म्हणालो. तो हसला. पंपाचं बोलणं तसंच राहिलं.

घरी आल्यावर माती झटकली, मुळं कापली आणि पाणी लागू दिलं नाही. माझं एक चांगलं धोतर फाडून त्यात पाथरी गुंडाळली. सकाळी कासवाला अंगणात उन्हाला ठेवलं. दगड गरम व्हावा तशी पाठ गरम झाली, मग मान बाहेर आली. पाथरीचं पान त्यानं एका बाजूनं कापत नेलं. मी बघत बसलो. आनंद वगैरे झाला नाही. तोंड हलत होतं, एवढंच दिसत होतं.

संध्याकाळी फोन आला.

"जेवलं का?"

"जेवलं."

आवाजात काय फरक पडला कोण जाणे. "काय दिलं?" तिनं विचारलं.

"पाथरी."

मग ती म्हणाली, "पोरगा म्हणायलाय, गॅलरीत ऊन लय येतं. गाडी घिऊन येतो, कासव इकडंच आणू म्हणतो."

तिच्या येण्याचं त्यात काही नव्हतं. मी म्हणालो, "तिकडं पाथरी कुठं भेटती?"

आणि गप्प बसलो. पलीकडे बाळ रडत होतं, कुणीतरी त्याला थोपटत होतं. मी फ्रीजला हात लावून उभा होतो.

"धुतली तर न्हाई ना?" शेवटी ती बोलली.

"न्हाई."

"फडक्यात ठिवली?"

"हो. दुसऱ्या."

"पहिलं कुठं गेलं?"

मी फ्रीजचं दार उघडून पुन्हा लावलं.

"ग्रीस पुसलं आसंल," ती म्हणाली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या कासव तिकडंच. पाथरी हाय तवर."

पाथरी उन्हाळ्याचं ऊन तापेपर्यंतच मिळते. मी "बरं" म्हणालो. या वेळी फोन मी बंद केला.

मग फडकं सोडलं, चार पानं काढून धुतली आणि खानावळीतून आणलेल्या भाकरीबरोबर मीठ लावून खाल्ली. कडवट होती. उरलेली पुन्हा गुंडाळून ठेवली.